देवाचं राज्य आणि माणसाची खुर्ची: श्रद्धावानासमोरच्या चार वाटा

एखादे महाराज, मौलवी किंवा फादर सत्तेच्या जवळ जाऊ लागले की श्रद्धा असलेल्या माणसाची पंचाईत होते. धर्म सगळ्या आयुष्याला लागू आहे, तर राज्यकारभार तेवढा त्यातून का वगळायचा, हा प्रश्न खोटा नाही. आणि देवाच्या नावाने राज्य करणारा चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, हाही प्रश्न तितकाच खरा. ज्यांची श्रद्धा पक्की आहे, पण धर्माने राज्याशी कसं नातं ठेवावं याबद्दल मन अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. धर्म न मानणाऱ्यांची उत्तरं वेगळी असतील. इथे चारही वाटा श्रद्धावानांनीच काढलेल्या आहेत.

पहिली वाट इराणची: धर्मशास्त्र जाणणाऱ्याने स्वतः राज्य करावं. दुसरी इराकमधल्या नजफची: धर्मगुरूने सल्ला द्यावा, खुर्चीवर बसू नये. तिसरी धरमशालेची, म्हणजे तिबेटी निर्वासित सरकारच्या ठाण्याची: हातात आलेली सत्ता धर्मगुरूने आपण होऊन सोडावी. चौथी यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची: राज्य फक्त देवाचं, म्हणून माणसांच्या राजकारणात भागच घ्यायचा नाही.

माणसाच्या राज्याबद्दलचा संशय जुना आहे. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडे राजा मागतात. तो त्यांना बजावतो, की राजा तुमची मुलं रथांवर जुंपेल, मुलींना स्वयंपाकाला लावेल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. लोक ऐकत नाहीत आणि शेवटी देवच म्हणतो, द्या त्यांना राजा. त्याआधी शास्ते या पुस्तकात गिदोन गादी नाकारतो. तुमच्यावर परमेश्वरच राज्य करील, असं सांगतो. पण 'परमेश्वर राज्य करील' म्हटलं तरी निवाडा लिहायला, कर गोळा करायला, तुरुंगाचं कुलूप लावायला माणूसच लागतो. म्हणून चारही वाटा मी एकाच कसोटीवर घासून बघतो: त्या माणसाला 'तू चुकलास' असं कोण सांगू शकतं, आणि सांगणाऱ्याचं पुढे काय होतं? आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आजही निघतं ते याच कारणाने. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश म्हणून.

इराणची बाजू आधी नीट ऐकून घ्यायला हवी, कारण बहुतेक वेळा ती ऐकूनच घेतली जात नाही. १९७० साली नजफमध्ये हद्दपारीत असताना, पुढे इराणच्या क्रांतीचे नेते झालेले आयातुल्ला खोमेनी यांनी व्याख्यानं दिली. शरियतमध्ये कर आहेत, शिक्षा आहेत, व्यवहाराचे नियम आहेत, संरक्षणाची जबाबदारी आहे, आणि हे सगळं अंमलात आणायला सरकार लागतं. शिया श्रद्धेप्रमाणे दृष्टीआड असलेले बारावे इमाम परत येईपर्यंत अल्लाहचे कायदे बासनात गुंडाळून ठेवायचे का? तसं नको असेल तर कायदा जाणणाऱ्या, न्यायी फकीहाने, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडिताने, कारभार हाती घ्यावा. इराणच्या राजाच्या, शहाच्या, राजवटीत पोळलेल्या माणसांना यात न्यायाची आशा दिसली, यात नवल नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली, मार्चअखेर सार्वमत झालं आणि वर्ष संपायच्या आत नवं संविधान आलं.

त्या संविधानात सर्वोच्च नेत्याला दूर करायची सोय आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. लोकांनी निवडलेलं ८८ जणांचं तज्ज्ञ मंडळ त्याला निवडतं आणि काढूही शकतं. मात्र या मंडळाचे उमेदवार पालक परिषद तपासते. परिषदेत १२ जण असतात. त्यांतले सहा फकीह सर्वोच्च नेता थेट नेमतो. उरलेल्या सहा कायदेपंडितांची नावं न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि संसद त्यांतून निवडते. त्या प्रमुखालाही नेताच नेमतो. म्हणजे ज्याला उतरवायचं, त्याच्याच माणसांच्या चाळणीतून उतरवणारे यायचे. २०१६ मध्ये या चाळणीने खुद्द खोमेनींचे नातू हसन खोमेनी यांना बाहेर ठेवलं. २०२४ मध्ये दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले आणि अनेक वर्षं त्याच तज्ज्ञ मंडळावर बसलेले हसन रुहानी अपात्र ठरले. दोघंही धर्मशास्त्र शिकलेले, दोघंही त्या व्यवस्थेच्या घरातले.

पण माझ्या मनातून जात नाही ते आयातुल्ला मोन्ताझेरींचं प्रकरण. १९७९ चं संविधान ज्या सभेने लिहिलं तिचे ते अध्यक्ष होते, आणि फकीहाच्या राज्याची कल्पना संविधानात बसवणाऱ्यांतले एक प्रमुख. १९८५ मध्ये खोमेनींचे वारस म्हणून त्यांची निवड झाली. १९८८ च्या उन्हाळ्यात तुरुंगांतल्या राजकीय कैद्यांना मोठ्या संख्येने फाशी दिली गेली, तेव्हा त्यांनी खोमेनींना निषेधाची पत्रं लिहिली. फाशीचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की क्रांतीपासूनचा हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे आणि इतिहास आपल्याला दोषी ठरवेल. त्या बैठकीची ध्वनिफीत २०१६ मध्ये बाहेर आली. बोलण्याची किंमत मार्च १९८९ मध्ये वसूल झाली: वारसपद गेलं. पुढे १९९७ मध्ये पुन्हा टीका केली, तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळ घरातच नजरकैद. व्यवस्था उभारणारा, ग्रंथ जाणणारा, गुरूचा लाडका शिष्य जर हे बोलून टिकू शकला नाही, तर साधा नागरिक काय टिकणार?

धर्माच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट आधीच घडली होती. जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी लिहिलं, की इस्लामी राज्य हा मूळ आदेशांपैकी एक आहे आणि नमाज, रोजा, हज यांच्याही आधी त्याचा मान आहे. ज्या कायद्याच्या अंमलासाठी राज्य हवं होतं, त्या कायद्यालाच राज्याने मागे सारलं. श्रद्धावानाने या वाटेचा विचार करताना इथे थांबून श्वास घ्यावा. नुकसान विरोधकांचं झालं तितकंच नमाजाचंही झालं.

नजफची वाट याच्या अगदी शेजारून जाते, म्हणून तुलना बोलकी होते. आयातुल्ला अली सिस्तानी १९३० साली इराणातल्या मशहदमध्ये जन्मले, शिया पंथ तोच, ग्रंथ तेच. निष्कर्ष मात्र वेगळा. त्यांनी कधी कुठलं पद घेतलं नाही. इमाम अलींच्या दर्ग्याजवळच्या एका अरुंद गल्लीत साध्या घरात ते राहतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या इराकचं संविधान नेमलेली माणसं लिहिणार असं ठरत होतं. सिस्तानींनी फतवा काढला, की संविधान लिहिणारे लोकांनी निवडलेलेच हवेत. ताबा घेणाऱ्यांना आपला बेत बदलावा लागला, आणि जानेवारी २००५ मध्ये निवडणूक झाली. एका धर्मगुरूने आपल्या शब्दाचं वजन स्वतःसाठी न वापरता मतपेटीच्या पारड्यात टाकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. २९ नोव्हेंबर २०१९ ला, आंदोलकांवर गोळ्या झाडल्या जात असताना, त्यांच्या प्रतिनिधीने शुक्रवारच्या प्रवचनात संसदेला सरकारबद्दल फेरविचार करायला सांगितलं. त्याच दिवशी पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे सुटायची सोयही खरी आहे. शिया अनुयायी आपला मर्जा, म्हणजे ज्याचे निवाडे मानायचे तो ज्येष्ठ धर्मगुरू, स्वतः निवडतो. एकाचा निवाडा पटला नाही तर दुसऱ्याकडे वळणाऱ्याला पोलीस उचलत नाहीत.

दोष मात्र झाकून ठेवू नयेत. जून २०१४ मध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडल्यावर सिस्तानींनी लोकांना देशाच्या रक्षणासाठी भरती व्हायचं आवाहन केलं. हजारो तरुण आले, इस्लामिक स्टेटला थोपवलं. पण त्यांतले कित्येक राजकीय पक्षांच्या सशस्त्र गटांत गेले आणि ते गट पुढे स्वतःच सत्ताकेंद्रं झाले. शब्द सुटल्यावर परत घेता आला नाही, आणि पद नसल्यामुळे त्याबद्दल संसदेत उत्तर देण्याची वेळही आली नाही. शिवाय ही वाट एका माणसाच्या संयमावर उभी आहे. पुढचा मर्जा तसाच निघेल याची हमी कुठे लिहिलेली नाही.

धरमशालेने ती हमी लिहायचा प्रयत्न केला. तिबेटच्या बाबतीत सृष्टी निर्माण करणारा देव नाही, पण दलाई लामा हा अवलोकितेश्वराचा, करुणेच्या बोधिसत्त्वाचा, अवतार मानला जातो, म्हणजे राज्यकर्त्याचं पावित्र्य कुठे कमी नाही. १६४२ मध्ये पाचव्या दलाई लामांपासून धर्म आणि राज्य एका हाती आलं. १९५९ मध्ये भारतात आल्यावर पुढच्याच वर्षी चौदाव्या दलाई लामांनी निवडलेलं प्रतिनिधीगृह सुरू केलं. १९६३ च्या संविधानाच्या मसुद्यात, ठरावीक बहुमताने खुद्द दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील असं कलम त्यांनी आग्रहाने घातलं. लोकांना ते रुचलं नव्हतं. मार्च २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार सोडायचं जाहीर केलं, तेव्हाही निर्वासित संसदेने फेरविचाराची विनंती केली. त्यांनी ती मानली नाही. ऑगस्टमध्ये निवडून आलेले लोबसांग सांगे यांनी कारभार हाती घेतला. इराणमध्ये नेत्याला उतरवणाऱ्यांची वाट अडवली जाते. इथे उतरू नका म्हणणाऱ्यांनाच नकार मिळाला.

ही निवडणूक आपल्यापासून लांब नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि अशा वसाहतींमधूनच निर्वासित सरकारच्या प्रमुखासाठी, सिक्योंगसाठी, मतदान होतं. दोनपेक्षा जास्त सलग मुदती त्याला मिळत नाहीत.

तरी इथेही काम अर्धंच झालंय. ४५ जणांच्या संसदेत दहा जागा अजून चार बौद्ध संप्रदाय आणि बोन ही तिबेटची जुनी धर्मपरंपरा यांच्यासाठी राखीव आहेत, आणि भिक्षू-भिक्षुणींना प्रांताचं एक व संप्रदायाचं एक अशी दोन मतं असतात. मला हे पटत नाही. सन्मान वेगळा आणि मताची किंमत वेगळी. २०२१ मध्ये शपथविधीवरून काही महिने पेचही अडकला. आणि या सरकारकडे ना भूभाग, ना पोलीस, ना सैन्य. सत्ता सोडण्याची परीक्षा खरी होती, पण राज्य चालवण्याची पुरती परीक्षा अजून झालेली नाही.

चौथी वाट सगळ्यात साधी वाटते. 'माझे राज्य या जगाचे नाही' हे येशूचं वचन यहोवाचे साक्षीदार शब्दशः घेतात. कर भरतात, कायदा पाळतात, पण मतदान, उमेदवारी, सैन्य, राष्ट्रगीत गाणं यांपासून दूर राहतात. याची किंमत त्यांनी मोजली आहे. नाझी छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. श्रद्धा सोडल्याचा कागद सही केला तर सुटका होती, आणि बहुतेकांनी सही केली नाही. भारतात १९८५ मध्ये केरळच्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं, कारण राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजोई इमॅन्युएल खटल्यात निकाल दिला, की गायची सक्ती करता येणार नाही आणि मुलांना परत घ्या.

याच खटल्यात या वाटेची ताकद दिसते आणि अडचणही. सद्सद्विवेक राज्याला विकायचा नाही, हे त्यांच्याकडून शिकावं. पण त्यांना वाचवलं ते माणसांनी लिहिलेल्या संविधानाने, माणसांनीच चालवलेल्या न्यायालयाने. ते संविधान टिकवायला कुणीतरी मतदानाच्या रांगेत उभं राहावंच लागतं. शिवाय राजकारण सोडलं म्हणून अधिकाराचा प्रश्न सुटत नाही. पंथाचा कारभार बघणाऱ्या त्यांच्या नियमन मंडळाला सामान्य सदस्य निवडत नाहीत, आणि मंडळीतून काढलेल्याशी संबंध तोडले जातात, कधी घरातल्यांकडूनही. कसोटी तीच लावली तर इथलं उत्तर समाधानकारक नाही.

मग निवड कशी करावी? राज्याने धर्माचे कायदे लागू करावेत असं मनापासून वाटत असेल, तर मोन्ताझेरींचं आयुष्य आधी वाचा आणि मग ठरवा. मी त्या वाटेने कुणाला पाठवणार नाही. देश मोडकळीला आला आहे, संस्था उभ्या नाहीत, अशा काळात नजफची रीत उपयोगी पडते, पण ती तात्पुरती समजावी. राज्य तुमच्याकडून शपथ, सलाम किंवा बंदूक मागत असेल तर साक्षीदारांची हिंमत हवी. आणि ज्यांना आपल्या संविधानाखाली श्रद्धेने जगायचं आहे, त्यांच्यासाठी माझं मत धरमशालेच्या बाजूने आहे, भिक्षूंचं दुसरं मत वजा करून.

निवड करताना सुरुवात दिल्ली-मुंबईपासून नको. तुम्ही ज्या मठात, दर्ग्यात, चर्चमध्ये किंवा संस्थानात जाता, तिथले विश्वस्त कसे निवडले जातात, हिशेब मागणाऱ्याला ते दाखवले जातात का, आणि गादीवरच्या माणसाला जाहीरपणे चूक सांगणारा पुढच्या उत्सवाला तिथे दिसतो का, एवढं आधी विचारून या. तिथे मिळणारं उत्तर हाच तुमच्या धर्मगुरूंच्या राज्याचा खरा नमुना समजा.