उत्स्फूर्त नृत्यनाट्याची सुरुवात स्पर्शापासून करावी की प्रश्नापासून?

माणसे एकमेकांशी कशी जोडली जातात, या विषयावर संहितेविना नृत्यनाट्य उभे करायचे असेल, तर तालमी कोणत्या पद्धतीने घ्यायच्या हे आधी ठरवावे लागते. नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे स्पर्श आणि भाराच्या देवाणघेवाणीतून सुचत जाणारे नृत्य, आणि नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांनी जर्मनीतील वुपरटाल येथे रुजवलेली प्रश्नांची पद्धत, या दोन वाटा त्यासाठी विचारात घेण्याजोग्या आहेत.

पॅक्स्टन यांच्या वाटेत विषय शब्दांत मांडावाच लागत नाही. ओबर्लिन कॉलेजमधील आरंभीच्या प्रयोगात तरुण मॅटवर झेपावत, एकमेकांवर आदळत, घरंगळत होते आणि शेवटी नुसते स्थिर उभे राहिले. एकाचा खांदा दुसऱ्याच्या पाठीवरून सरकत कमरेशी येतो, भार दिला-घेतला जातो आणि पुढची हालचाल दोघांपैकी कोणाची हे सांगता येत नाही. प्रयोगातही हे सारे आयत्या वेळीच सुचते. मात्र नाचणाऱ्याला जे जाणवते, ते दहाव्या रांगेत पोहोचेलच असे नाही. शिवाय पडणे आणि भार पेलणे शिकण्यात घाई केली, तर गुडघे आणि मनगटे दुखावतात.

बाउश कलाकारांना प्रश्न विचारत. उत्तरे शब्दांत, हावभावांत किंवा हालचालींत येत, त्यांतली बरीच गळत आणि उरलेली जोडून प्रयोग बांधला जाई. १९७८ च्या ‘कॉन्टाक्टहोफ’मध्ये पुरुषांचा घोळका एका स्त्रीला कुरवाळू लागतो आणि ते कुरवाळणे पाहता पाहता छळ होते. जवळिकीविषयी इतके नेमके विधान निव्वळ भाराच्या खेळातून क्वचितच हाती लागते. हाच प्रयोग २००० मध्ये ६५ वर्षांवरील हौशी मंडळींनी आणि २००८ मध्ये किशोरवयीनांनी केला, म्हणजे कसलेले शरीर ही त्याची अट नव्हे. पण उत्स्फूर्तता इथे तालमीतच संपते. त्या बाबतीत, कथासूत्र ठाऊक असताना संवाद रंगमंचावरच रचणारी आपल्या तमाशातली बतावणी पॅक्स्टन यांच्या अधिक जवळची म्हणायला हवी.

गट मिश्र वयाचा आणि नवखा असेल, तर मी प्रश्नांची वाट सुचवेन. ‘कोणाचा हात सोडताना उशीर केलात, ते दाखवा’ एवढ्यावरही एक तालीम चालते. स्पर्शाची संमती दोन्हीकडे रोज विचारावी लागते. प्रश्नांच्या वाटेवर मात्र आपले उत्तर प्रयोगाच्या आदल्या दिवशीही मागे घेण्याची मुभा कलाकाराला असावी.