प्रोबेट की सक्सेशन सर्टिफिकेट?

माणूस गेल्यावर घरात पहिला शोध मृत्युपत्राचा घ्यावा. मार्ग त्यावरच ठरतो.

मृत्युपत्र असेल आणि त्यात ते अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमलेला असेल, तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेता येतो. ते फक्त त्या व्यवस्थापकालाच मिळतं आणि मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय देता येत नाही. मुंबईत त्यासाठी फोर्टातल्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. मूळ मृत्युपत्र तिथे जमा होतं, वारसांना नोटिसा जातात. खरी दमछाक साक्षीदारापाशी होते. वीस वर्षांपूर्वी सही केलेले शेजारचे काका आता विरारला की गावी, हयात तरी आहेत का, इथून सुरुवात. त्यांचं प्रतिज्ञापत्र वेळेत मिळालं तर पुढचं काम बरंच हलकं होतं. एखाद्या भावाने कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये असा अर्ज, दाखल करून हरकत घेतली, की अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात. तरीही मृत्युपत्र खरं असल्याचा पक्का निवाडा प्रोबेटच देतं. मालकीचा वाद मात्र त्याने मिटत नाही.

मृत्युपत्र नसेल तर सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मृताचे पैसे वसूल करण्याचा न्यायालयाने वारसाला दिलेला दाखला. बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी ते पुरतं. गिरगावातल्या खोलीला किंवा दादरच्या फ्लॅटला ते चालत नाही, आणि इथेच अनेकजण फसतात! घरासाठी मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा न्यायालयीन अधिकार, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा अर्ज करता येतो.

आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांच्या बाबतीत नॉमिनी फक्त ते स्वीकारतो, मालक वारसच असतात.