घरपोच किराणा आणि पत्ता नसलेला वाणी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम जोरात चालू होतं. ऑफिसातून घरी पोचायलाच आठ वाजायचे, त्यावर महिन्याचं वाणसामान आणायला पुन्हा बाहेर पडणं जिवावर यायचं. अशात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला : मार्केट यार्डाच्या भावात किराणा घरपोच, यादी पाठवा, माल पाहून पैसे द्या. निरोप टाकला होता तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या एरवी कोथिंबिरीची जुडीसुद्धा चारदा उलटीपालटी करून घेतात, म्हणून मला शंका आली नाही. काकूंनाही तो निरोप त्यांच्या भाचीकडून आला होता आणि त्यांनी अजून एकदाही माल मागवला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला महिना खरंच छान गेला. डाळ स्वच्छ, शेंगदाणे टपोरे, तूरडाळ नेहमीच्या दुकानापेक्षा किलोमागे १५ रुपयांनी स्वस्त. माल आणणारा मुलगा इतका नम्र की चौथ्या मजल्यावर पिशव्या वाहून आणायचा आणि सासूबाईंना "आजी, गुडघा कसा आहे?" असं विचारायचा. दुसऱ्या महिन्यापासून पैसे आगाऊ मागू लागले. ५,००० भरा, ५,५०० चा माल घ्या. मी भरले.

खोट पहिल्यांदा सासूबाईंनी ओळखली, तीही भातावरून. त्यांचं माहेर मावळातलं. इंद्रायणी हा तिकडचाच तांदूळ, १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, आंबेमोहोराच्या रक्ताचा. शिजायला लागला की वास स्वयंपाकघराबाहेर येतो आणि भात मऊ, किंचित चिकट होतो. त्या दिवशी कुकर उघडला तर वास जेमतेम आणि अर्धी शितं सुटी. सासूबाईंनी मूठभर कोरडा तांदूळ ताटात पसरला, चष्मा लावला आणि बोटाने दाणे दोन बाजूंना सारत बसल्या. एका बाजूला इंद्रायणी, दुसऱ्या बाजूला कुठलातरी जाडा, पांढराफटक तांदूळ. दोन्ही ढीग जवळजवळ सारखे झाले. "हे चुकून मिसळलेलं नाही गं," त्या म्हणाल्या, "हे मिसळवलेलं आहे."

मग मी मुलीचा केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला. ५ किलोची तांदळाची पिशवी अजून बंद असलेली एक होती, ती भरली ४ किलो ६२० ग्रॅम. साखरेच्या ५ किलोत ३०० ग्रॅम कमी, तूरडाळीच्या दोन किलोत दीडशे, शेंगदाण्यांच्या किलोत सत्तर. चार जिन्नसांत मिळून ९०० ग्रॅम माल गायब. बंद पिशवीच्या वजनात थोडं इकडेतिकडे कायदाही समजून घेतो, पण ५ किलोला तो फरक फार तर ७५ ग्रॅमचा. इथे पाचपट होता. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, यार्डातूनच असं भरून येतं. पुढच्या वेळी भरपाई करतो." पुढच्या वेळी त्याने अर्धा किलो पोहे फुकट दिले आणि मी गप्प बसले. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या सामानाची योजना आली. ८,००० भरा, ९,००० चा माल घ्या : भाजणी, रवा, मैदा, तूप, सुका मेवा. आमच्या इमारतीतल्या ११ घरांनी पैसे भरले. दर महिन्याला क्यूआर कोडवर वेगळ्याच माणसाचं नाव यायचं, तेही मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. वसुबारसेपर्यंत माल आला नाही. धनत्रयोदशीला फोन बंद.

इथवर नुकसान तरी मोजता येण्यासारखं होतं. पण दोनच दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकांना फोन आला : तुमची ऑर्डर रद्द झाली आहे, पैसे परत करतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका. त्या माणसाला काकांचं नाव, फ्लॅट नंबर, भरलेली रक्कम, सगळं तोंडपाठ होतं. पिन टाकल्याबरोबर खात्यातून १९,९०० गेले. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कृपा करून समजावून सांगा : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार.

लाज वाटून काकांनी एक रात्र कुणाला सांगितलं नाही. त्या रात्रीची फार किंमत मोजावी लागली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी बँकेला ते अडवता येतात. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तेव्हा त्यातले ४,२०० तेवढे गोठवता आले.

मी बिलावरचा पत्ता घेऊन गुलटेकडीला, मार्केट यार्डात गेले. भुसार विभागात दोन-तीन आडत्यांना बिल दाखवलं. त्या नावाची पेढी तिथे कुणालाच ठाऊक नव्हती. बिलावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही छापलेला होता. घरी येऊन तो परवाने देणाऱ्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, एफएसएसएआयच्या, संकेतस्थळावर टाकला, तर परवाना निघाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बेकरीचा. हे शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पहिल्याच महिन्यात ती दोन मिनिटं काढली असती तर?

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण विचारलं, तक्रार नक्की कुणाविरुद्ध? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही, पण नोटीस जायला पत्ता तर हवा! ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असा २०२० चा नियम आहे. तो नियम लावायलाही समोर कुणीतरी असावं लागतं. म्हणून आता मी भाव नंतर बघते. पाकिटावर भरणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष नसेल आणि नुसतं 'इंद्रायणी ५ कि.' असं स्टिकर असेल, तर दारातूनच परत पाठवते. आगाऊ रक्कम कुणाकडेही ठेवत नाही, कितीही सूट देवोत.

काकूंनी त्यानंतर ग्रुपवर बोलणंच सोडलं. त्यांच्यावर कुणी रागावू नये असं मला मनापासून वाटतं, माल तर मीही चार जणींना सुचवला होता. त्या चौघींच्या घरी जाऊन मी स्वतः सगळं सांगून आले. एकीने दार उघडलं नाही.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. बिलं, पिशव्या आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवले आहेत. पावणेपाच किलोही नसलेली ती तांदळाची पिशवी स्टिकरसकट माळ्यावर आहे. नऱ्हे, धायरी, वडगाव भागात कुणाकडे असाच माल येत असेल, तर पिशव्या फेकू नका. आज रात्रीच एक पिशवी काट्यावर ठेवून बघा.