मे महिन्यातील मालवणची गरी-सफर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणहून आम्ही तिघे एका छोट्या होडीतून समुद्रात गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडायला गेलो. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) पहाटे पाचलाच होडी काढली, आणि त्याचा हा निर्णय अचूक होता. कारण या दिवसांत सकाळी मतलई वाऱ्यावर पाणी शांत असते, तर दुपारनंतर खारा वारा जोर धरतो व लहान होडी हेलकावू लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात येतो, म्हणून त्याने तिथे एकही गरी टाकू दिली नाही, हे मला मनापासून आवडले.

खडकाळ तळाशी बांगड्याचे तुकडे सोडल्यावर दोन तांबोश्या आणि एक गोबरा मिळाला. गोबरा वर येताना दोरी ताठ होऊन बोटाखाली थरथरत होती, आणि पाण्यातून त्याचे तपकिरी ठिपके दिसताच सगळे एकदम ओरडलो. सुरमई मात्र एकदाही लागली नाही.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. भाड्याने दिलेल्या रॉडच्या कड्यांना गंज चढला होता आणि त्यावर घासून दोरी तुटल्याने एक मोठा कोकर गरीसह निघून गेला. तोंडात गरी अडकलेला मासा असा सुटणे मला फार बोचले. जाणाऱ्यांनी स्वतःची दोरी न्यावी. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असल्याने मेअखेरपूर्वीच जावे.