बारा इंची सबवूफर, तीन खोके, आठ महिने

आमचा बारा इंची सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) सध्या तिसऱ्या खोक्यात नांदतोय. पहिला खोका तयार आणलेला, आतून जेमतेम २० लिटर. सिनेमातले स्फोट झकास वाटायचे, पण तबला लावला की पंचाईत. डग्ग्यावर मनगट दाबत सरकवलं की सूर वर चढतो ना, ती मींडच गायब. नुसतं एका सुरात धुम्म, धुम्म.

शेवटी स्पीकरची डेटाशीट उघडली. एफएस (खोक्याबाहेर स्पीकर स्वतःहून ज्या सुरात डोलतो तो, म्हणजे रेझोनन्स) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (तिथे तो डोलणं किती आवरतो; आकडा मोठा तितकं कमी) ०.४५, व्हीएएस (त्याच्या पडद्याइतकीच लवचीक हवा) ६० लिटर. बंद खोक्याचं गणित शाळेतलंच आहे: व्हीएएसला खोक्याच्या लिटरनी भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, आणि त्यानं क्यूटीएस आणि एफएस दोन्हींना गुणा. माझ्या २० लिटरला उत्तर येतं नेमकं २. म्हणजे ०.४५ चा झाला ०.९, आणि रेझोनन्स २८ वरून थेट ५६ हर्ट्झवर. त्याच्या जरा वर फुगवटा, खाली घसरण. सपाट आवाजाला ०.७०७ हवं, त्यासाठी ४१ लिटर.

सुतारकाकांना चिठ्ठी दिली: ३४.५ सेंमी, तिन्ही बाजू सारख्या. "माप आतलं का बाहेरचं?" त्यांनी विचारलं. मी फोनवर होतो, नुसतं "हो हो" म्हणालो! त्यांनी बाहेरचं धरलं. दोन्ही बाजूंनी १८ मिमी एमडीएफ वजा झाल्यावर आत उरले साडेएकोणतीस लिटर. वर ड्रायव्हरचं (म्हणजे खुद्द स्पीकरचं) मागचं धूड तीनेक लिटर खातं, ते मी धरलंच नव्हतं. तो खोका आता गॅलरीत तुळशीखाली आहे.

तिसरा बाहेरून ४० सेंमी. आत ४८ लिटर, ड्रायव्हर आणि आधाराच्या पट्ट्या वजा जाता ४३. गणितात ०.७ बसतं. "चौकोनी ठोकळा नको, आत आवाज घुमतो," असं सांगणारे भेटलेच. पण ३६ सेंमीच्या अंतरात लहर अडकते ती ४७० हर्ट्झच्या आसपास, आणि माझ्या सबला ८० हर्ट्झच्या वरचे सूर पाठवतच नाही.

आता मींड ऐकू येते, अगदी खालपासून. मुलाचं मात्र म्हणणं, पहिल्या खोक्याला "जास्त दम होता". असेल.

पावसाळ्यात खालच्या सुरांना मागून फुस्स यायला लागलं. उदबत्ती धरून बघितलं, तर टर्मिनलपाशी (मागे वायर जोडतात तिथे) धूर प्रत्येक ठोक्याला हलत होता. सिलिकॉन भरलं, थांबलं. खालची कड मात्र ओल धरून फुगलीय. रंग लावायचा कंटाळा केला होता, तो आता पॉलिश पेपर घेऊन निस्तरतोय.