इस्से मियाके यांचे ‘प्लीट्स प्लीज’: चुणी कुठे टिकते, कुठे मार खाते

जपानी डिझायनर इस्से मियाके यांच्या ‘प्लीट्स प्लीज’ या ब्रँडचा बारीक चुण्यांचा कपडा हँगरवर लटकलेला पाहून मत बनवू नका. अंगात नसताना तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा दिसतो, खांदे अरुंद वाटतात, आणि एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न पडतो. घालून चार पावलं चाला, मग चुण्या उघडमीट करू लागतात आणि उत्तर मिळतं. डिझायनर सातोशी कोंदो यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसला ‘इस्से मियाके’ या मूळ ब्रँडसाठी पहिला शो केला, त्यात गोल घेराचे ड्रेस वरून थेट मॉडेलच्या अंगावर उतरले आणि चालताना खालीवर उसळत राहिले. थोडा जत्रेचा थाट होता खरा, पण तो दाखवेगिरीचा नव्हता. या कपड्यांचा आकार अंग हललं की ठरतो, तेच तिथे सगळ्यांसमोर घडलं.

मियाके यांनी चुण्यांवर काम सुरू केलं १९८८ च्या सुमारास. १९९१ मध्ये नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेचे नर्तक हे कपडे घालून नाचले आणि १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ स्वतंत्रपणे बाजारात आलं. खरी हुशारी क्रमात आहे. एरवी कापडाला आधी चुण्या पाडतात, मग ते बेततात आणि शिवतात. इथे उलटं. कपडा अडीच-तीन पट मोठा, कधी त्याहूनही मोठा बेतून आधी पूर्ण शिवतात. मग तो दोन कागदांच्या मध्ये घालून गरम प्रेसमधून काढतात. कागदाबरोबर कापड दुमडतं, उष्णतेने चुणी बसते आणि राक्षसाच्या मापाचा सदरा माणसाच्या मापाचा होऊन बाहेर पडतो. बाही, गळा, शिवण, सगळं एकाच वेळी चुणतं.

चुणी टिकते ती पॉलिएस्टरमुळे. सुती कापडाची घडी पाणी लागताच मोडते, कारण घडी धरून ठेवणारे धाग्यातले बंध पाण्याने सुटतात. पॉलिएस्टरला पाण्याचं काही नाही, त्याला भीती उष्णतेची. तापून मऊ झालेला धागा ज्या आकारात थंड होतो तोच आकार लक्षात ठेवतो. व्हेनिसचे डिझायनर मारियानो फॉर्च्युनी यांचा १९०७ च्या सुमाराचा चुण्यांचा रेशमी डेल्फॉस गाऊन दिसायला आजही याहून देखणा आहे, माझं तरी मत तसंच. पण तो भिजला की चुण्या गेल्या, पुन्हा पाडून घ्यायला तेव्हा परत पाठवावा लागे. मियाके यांचा कपडा धुऊन टांगा, वाळला की तयार.

घेताना रुंदीची काळजी सोडा, लांबी मोजा. उभ्या चुण्या आडव्या ताणल्या जातात, त्यामुळे छाती-कंबरेत दोन-चार इंचांचा फरक कपडा सहज पोटात घेतो. लांबीला मात्र ताण नाही. पँट लांब झाली म्हणून कापून पुन्हा दुमड मारायला दिलीत, तर मशीनखाली चुण्या ताणल्या जातात, काठ झालरीसारखा लाटा मारतो, आणि शिंप्याने तो बसवायला इस्त्री फिरवली की तेवढा पट्टा कायमचा सपाट. लांबी जमत नसेल तर तो नग सोडून द्या.

सगळ्यात खात्रीचे नग म्हणजे बिनबाह्यांचा लांब ड्रेस आणि सरळ पँट. बाह्यांबद्दल तक्रार आहे. अरुंद बाहीत कोपराशी चुण्या सारख्या उघडतात आणि काही काळाने तिथे फुगा धरतो. पँटच्या गुडघ्यांचं आणि बैठकीचं तेच. धुतल्यावर बरंचसं परत बसतं, सगळं नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने एक नग रोज वापरू नये.

चुणीचा माथा हा कापडाचा सर्वांत उघडा भाग, म्हणून झीज तिथेच आधी दिसते. खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा घासून बारीक गोळे येतात. अंगठीचं टोक किंवा वेल्क्रो अडकलं तर धागा ओढला जातो, आणि तो कापायचा नसतो. बोथट सुईने उलट बाजूला ओढून घ्यायचा. तापलेलं केस सरळ करायचं यंत्र गळ्याला टेकलं तर तिथली चुणी संपली. घरच्या इस्त्रीने ती परत पाडता येत नाही, उलट आणखी बिघडते.

धुताना आत-बाहेर उलटून जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, मशीनच्या नाजूक फेऱ्यात. ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. पॉलिएस्टर घामाचा तेलकट वास धरून ठेवतं, त्यामुळे काखेच्या जागी आधी सौम्य साबण लावून दहा मिनिटं थांबावं. लांब ड्रेस महिनोन्‌महिने हँगरवर ठेवू नका, वजनाने खांद्यांवरच्या चुण्या पसरतात. चुण्यांच्या दिशेने हाताने गोळा करा, हलका पीळ द्या आणि गुंडाळा. अख्खा ड्रेस मुठीत मावेल एवढा होतो; प्रवासाच्या बॅगेत त्याला मोज्यांच्या शेजारची फट पुरते.

नक्कल ओळखायची असेल तर लेबल नंतर पाहा, आधी बाजूची शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. आधी चुणून मग शिवलेल्या कपड्यात शिवण चुण्यांवरून सरळ धावते, ताणली की धागा करकरतो आणि एखादा टाका तुटतोही. इथे शिवणही कापडाबरोबर चुणलेली असल्याने भात्यासारखी उघडते. फक्त जिथे कापडाचे थर जाड, जसं काखेत, तिथे चुणी अस्सल नगातही थोडी बोथटच असते. तेवढ्यावरून नग परत करू नका.