चमकणाऱ्या जिवाणूंचं किट : सात महिने, दोन बॅचेस

जूनमध्ये जीएफपी ट्रान्सफॉर्मेशन किट मागवलं, म्हणजे जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा (जीएफपी) जनुक जिवाणूंत घालायचं साहित्य. आतापर्यंत बी.एस्सी.च्या दोन बॅचेस त्यावर झाल्या. घ्यायला हरकत नाही, फक्त 'पेटीत सगळं आहे' यावर विसंबू नका. बर्फ पेटीत नसतो. आमचा समोरच्या रसवंतीतून येतो.

पहिल्या बॅचला घोळ मीच घातला. उकळलेलं अगार (जिवाणू वाढवायची जेली) निवायच्या आत अँपिसिलिन हे प्रतिजैविक ओतलं. ते उष्णतेनं निकामी होतं. दुसऱ्या दिवशी, प्लाझ्मिड (हा जनुक आणि अँपिसिलिनला तोंड द्यायची ताकद देणारं डीएनएचं छोटं कडं) न दिलेल्या जिवाणूंच्या ज्या प्लेटवर एकही वसाहत (जिवाणूंचा ठिपका) यायला नको, तिथे सायीसारखा जाड थर! मुलं खूश, मी घामाघूम. आता बाटली हातात धरवेपर्यंत थांबतो.

प्लाझ्मिड आत शिरावं म्हणून द्यायचा हीट शॉक मात्र पोरांना भारी आवडतो. कॅल्शियम क्लोराइडमधले ई. कोलाय जिवाणू बर्फातून थेट ४२ अंशांच्या पाण्यात, ५० सेकंद, की लगेच परत बर्फात. आमचा वॉटर बाथ शेजारच्या विभागात गेलाय तो गेलाच, म्हणून थर्मासमध्ये थर्मामीटर घालून काम भागवतो. नळीचं बूड पाण्याला टेकलंय ना तेवढं बघा, नाहीतर सगळा नुसता सोपस्कार.

सोबतचा यूव्ही दिवा दुसऱ्याच महिन्यात गेला. ऑफिसातला नोटा तपासायचा दिवा मागून आणला, तर हिरवा उजेड तितकाच झकास. जेलीफिशचा हा जनुक ई. कोलायमध्ये चमकतो हे शास्त्रज्ञ मार्टिन चाल्फींनी १९९४ साली दाखवलं. २००८च्या नोबेलमध्ये शिमोमुरा आणि त्सिएन यांच्यासोबत तेही होते.

तक्रारी दोन. सुटं साहित्य पुन्हा मागवायचं तर खिसा हलका होतो. आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये शनिवार-रविवार राहिली की मोठ्या वसाहतींभोवती बारीक पिल्लावळ उगवते, पोरं तीही मोजतात. मोठ्या वसाहतीनं आजूबाजूचं अँपिसिलिन मोडून टाकलेलं असतं, त्या आडोशाला ही फुकटी मंडळी वाढतात. (प्लेट घरी न्यायला मागतात, देऊ नका, ब्लीचमध्ये बुडवूनच टाका.)

पण पैसे वसूल होतात ते न चमकणाऱ्या प्लेटवर. अँपिसिलिन आहे, अरॅबिनोज ही साखर नाही. वसाहती जिवंत, म्हणजे प्लाझ्मिड आत गेलेलं, तरी पांढऱ्याफटक. जनुकाचं बटण अरॅबिनोज दाबते, हे फळ्यावर तीनदा सांगूनही एकानं विचारलंच, "सर, साखरच ना? मग चहातली का नाही चालणार?"

म्हटलं, घाल. त्यानं प्लेटच्या एका कडेला अरॅबिनोजचा थेंब टाकला, दुसऱ्या कडेला उकळून निववलेल्या साखरपाण्याचा. सकाळी खिडक्यांचे पडदे ओढून दिवा धरला. एक कड हिरवीगार. चहाच्या बाजूला अंधार.